सतराव्या मीटरवरचा जोड

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे हं, मोजायचा. तीस मीटर लांबीची पोलादी पट्टी, टोकाला बोट अडकवायला पितळी कडी आणि हे सगळे गुंडाळून ठेवायला चामड्याचे गोल घर. घराच्या बाहेरून एक दांडी आहे. ती फिरवली की मी कुरकुरत आत जातो. दिसायला मी आता काही देखणा राहिलेलो नाही. चामडे एका बाजूने उंदरांनी कुरतडले आहे आणि सतराव्या मीटरवर मला एक जोड आहे. त्या जोडामुळे एकदा भर कचेरीत माझी अब्रू निघाली होती. माझी गोष्ट म्हणजे बरीचशी त्या जोडाचीच गोष्ट आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पट्टीवर आकडे उमटले, मग तेलात बुडवून मला पुसले आणि शेवटी एका लांबलचक टेबलावर निजवले. त्या टेबलाच्या दोन टोकांना दोन बारीक रेघा होत्या. दोन रेघांमधले अंतर म्हणजे खरेखुरे तीस मीटर. तिथे जाड भिंगांचा चष्मा लावणारी एक तपासनीस बाई बसत असे. ती प्रत्येक टेपला ठरावीक जोराने ताणायची, वाकून रेघेशी डोळा भिडवायची आणि टेप बरोबर निघाला तर त्याच्यावर छोटासा शिक्का मारायची. माझ्या आधीचा माझा भाऊ केसभर आखूड निघाला. तिने कात्री घेऊन त्याचे चार तुकडे केले.

शेजारची कामगार बाई हळहळली. “एवढ्याशा फरकानं काय होतंय गं?”

“इथं केसभर चुकलं, की बाहेर कुणाची तरी भिंत चुकते,” तपासनीस बाई म्हणाली आणि तिने मला हातात घेतले.

मी किती घाबरलो होतो म्हणून सांगू! पण माझ्यावर शिक्का बसला. त्या दिवसापासून आपण कधीच चुकणार नाही, असा माझा ठाम समज झाला. तो समज मी पुढे कितीतरी वर्षे उराशी धरून होतो.

कारखान्यातून मी एका लहान शहराच्या नगरपालिकेत आलो. तिथे बांधकाम खात्यात एक म्हातारे ओव्हरसियर होते. ऊन असो, सावली असो, त्यांच्या काखेत छत्री असायचीच, म्हणून सगळे त्यांना छत्रीसाहेब म्हणत. त्यांच्याबरोबर मी शहरभर फिरलो. शाळेच्या खोल्या मोजल्या, दवाखान्याची पडवी मोजली, दोन पूल आणि न संपणारी गटारे मोजली. काम झाले की छत्रीसाहेब मला तसेच चिखलासकट कधी आत ढकलत नसत. आधी कोरड्या फडक्याने पुसत, मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बोटावर घेऊन पट्टीवरून फिरवत. ठेकेदार त्यांना म्हणायचे, “साहेब, अहो राहू द्या की, एक वीत इकडेतिकडे.” त्यावर ते म्हणायचे, “ठीक आहे, तुमच्या बिलातून एक वीत इकडेतिकडे करतो.”

एके दिवशी आम्ही मोठ्या रस्त्याची रुंदी मोजत होतो. मी रस्त्यावर आडवा पडलो होतो. तेवढ्यात एक मालाने भरलेली गाडी न थांबता माझ्यावरून गेली. मी मधेच दुमडलो आणि काडकन तुटलो. छत्रीसाहेबांनी माझे दोन्ही तुकडे उचलले आणि आपल्या नेहमीच्या घड्याळजीकडे नेले. घड्याळजीने दोन दिवस खपून मला सांधले. खालून पातळ पत्र्याची पट्टी लावली, चार बारीक रिबिटा ठोकल्या आणि कानशीने घासून कड गुळगुळीत केली.

“वापरण्याआधी एकदा तपासून आणू हं तुला,” छत्रीसाहेब मला म्हणाले. पण तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता. हार, भाषणे आणि निरोप यांच्या गडबडीत ते तपासणे राहून गेले. जाताना त्यांनी मला टेबलाच्या खणात ठेवले आणि खण हलकेच लावून घेतला.

तो खण पुढे अकरा वर्षे कुणी उघडलाच नाही, मित्रांनो.

असे समजू नका की त्या अकरा वर्षांत शहरात बांधकामे झाली नाहीत. भरपूर झाली. छत्रीसाहेबांच्या खुर्चीत जे नवे साहेब आले, त्यांना खुर्ची इतकी आवडली की ते तिच्यातून उठतच नसत. लोक त्यांना बसल्याजागी साहेब म्हणू लागले. मोजमापाचे जाडजूड पुस्तक माझ्या डोक्यावर, टेबलावर उघडले जायचे. समोरून ठेकेदार मामांचा आवाज यायचा.

मामा म्हणजे शहरातल्या सर्वांत मोठ्या पुढाऱ्याच्या बायकोचे सख्खे भाऊ. पुढाऱ्याची मुले त्यांना मामा म्हणायची, म्हणून कचेरीही मामा म्हणू लागली, आणि कचेरी म्हणते म्हणून सारे शहर. शहराने त्यांना मामा म्हटले आणि त्यांनी शहराला मामा बनवले, असा एक विनोद शिपाईकाका आसपास कुणी नाही असे पाहून करत असत.

“किती लिहू, मामा?” बसल्याजागी साहेब विचारायचे.

“लिहा की ऐंशी.”

“ऐंशी?”

“बरं, पंच्याऐंशी लिहा. तुमचा मान राखायला नको का?”

दोघेही खो खो हसायचे. लेखणी कागदावर फिरायची. मी खाली वाळलेल्या शाईच्या बाटल्या, जुन्या सालांची कॅलेंडरे आणि बिस्किटाचा चुरा यांच्यात पडून ऐकत असायचो. माझ्याशिवाय मोजमापे होऊ शकतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. पुढे बाजारातल्या ओट्यांवरचे छप्पर वर्षभरात खाली आले. त्या दिवशी बाजार नव्हता म्हणून कुणाला लागले नाही. ते छप्परही पुस्तकात अगदी व्यवस्थित मोजलेले होते. माझ्या अंगावर हळूहळू गंज चढला. आपण आता कुणाच्याच कामाचे नाही, असे मला मनापासून वाटू लागले.

मग एका सकाळी कचेरीत नवीन अभियंता बाई आल्या. चणीने लहान, चालायला वाऱ्यासारख्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी शिपाईकाकांना विचारले, “काका, टेप कुठंय?”

“टेप?” काका गोंधळले. “टेप कशाला, बाई? इथं मोजमापं तयारच येतात.”

“तयार कोण करतं?”

काका नुसते हसले आणि कपाटे, खण, माळे उघडू लागले. दुपारी मी सापडलो. इतक्या वर्षांनी उजेड पाहून माझे डोळे दिपले म्हणायला हरकत नाही. बाईंनी मला रॉकेलने पुसले, तेल लावले, दांडी फिरवून फिरवून माझा आवाज मोकळा केला. सतरावर जोड दिसला तेव्हा त्यांनी त्यावरून बोट फिरवले, क्षणभर विचार केला, पण काम पुढ्यात होते. त्या तशाच निघाल्या. ही त्यांची चूक होती. ती त्यांनी पुढे स्वतःच्या तोंडाने कबूल केली.

आठवडाभरात शहराने त्यांचे नाव ‘टेपबाई’ ठेवून टाकले. त्यांना ते आवडत असे की नाही, ठाऊक नाही. मला मात्र फार आवडले.

शहराच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी एक गल्ली होती. तिथे सुतार, धोबी, शिंपी अशी हातावर पोट असलेली माणसे राहत. आदल्या वर्षी ओढ्याचे पाणी घरांत शिरले होते. गल्लीच्या अगदी शेवटच्या घरात एक शिंपीणकाकू राहायच्या. त्यांचे शिवणयंत्र दोन दिवस पाण्याखाली होते आणि शाळेच्या गणवेशाचे साठ जोड चिखलात गेले होते. त्यानंतर खूप अर्जविनंत्या झाल्या आणि ओढ्याच्या कडेने संरक्षक भिंत मंजूर झाली. काम अर्थात मामांना मिळाले. भिंत बांधून झाली, बिल कचेरीत आले. पुस्तकात आकडा भरण्यासाठी बसल्याजागी साहेबांनी लेखणीही उघडली. पण आता मोजमापावर सही टेपबाईंची लागत होती.

“मी बघून येते,” त्या म्हणाल्या.

गल्लीत पोचल्यावर त्यांनी हाक दिली, “कुणीतरी टोक धरायला येता का?”

शिंपीणकाकू बाहेर आल्या. त्यांच्या गळ्यात त्यांचा स्वतःचा दीड मीटरचा कापडी टेप होता. त्यांनी माझी कडी बोटात अशी सराईतपणे अडकवली की मला छत्रीसाहेबांची आठवण झाली. आम्ही भिंतीच्या एका टोकाला सुरुवात केली. तीस. पुन्हा तीस. पुन्हा तीस. चौथ्यांदा मी अठरापर्यंत उलगडलो आणि भिंत संपली.

“एकशे आठ,” बाई म्हणाल्या आणि हातातल्या कागदाकडे बघत राहिल्या. “काकू, इथं ही भिंत एकशे वीस मीटर लिहिलीय.”

“असं कसं? मामांची माणसं म्हणाली, मंजुरीच इथपर्यंत आहे. माझं आणि सुताराचं घर उघडं राहिलं, ते आमचं नशीब म्हणून आम्ही गप्प बसलो.”

“मंजुरी तुमच्या घराच्या पुढंपर्यंत आहे. इथं लिहिलंय बघा.”

काकूंनी कागद बघितला, मग आपल्या दारासमोरची मोकळी जागा बघितली. “म्हणजे कागदावर माझ्या दारापुढं भिंत आहे? अगंबाई! मग मी रोज भिंतीतूनच ये-जा करते म्हणायची!”

बाईंनी पुस्तकात एकशे आठ लिहिले आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी मामा कचेरीत आले, ते पेढे वाटायला आल्यासारखे हसत. त्यांनी बाईंची चौकशी केली, घरच्यांची चौकशी केली, आणि मग मला उचलून खिडकीच्या उजेडात उंच धरले. “बाई, हे काय हो? हा टेप तर तुटलेला आहे. सतरावर ठिगळ आहे याला! असल्या भंगारानं माझी भिंत मोजलीत?” त्यांनी तसा लेखी अर्जच केला. तुटक्या टेपने केलेले मोजमाप रद्द करावे, आणि बाईंची चौकशी व्हावी.

मोठ्या साहेबांनी बाईंना बोलावले. नगरपालिकेचे ते सर्वांत वरचे अधिकारी. माणूस वाईट नव्हता. पण वादाचा वास आला की त्यांना लगेच दुसरे काम आठवायचे. मी त्यांच्या टेबलावर पडलो होतो.

“टेप जोडलेला आहे का?”

“हो, साहेब.”

“जोडल्यावर तपासून घेतला होता?”

बसल्याजागी साहेब पहिल्यांदाच खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकून बसले होते. बाईंना “हो” म्हणता आले असते. कुणाला कळले असते?

“नाही, साहेब. माझ्या आधी कुणी तपासल्याची नोंद सापडली नाही, आणि मीही तपासला नाही. ही माझी चूक आहे. आज तपासायला पाठवते. तो खोटा निघाला तर माझं मोजमाप रद्द करा आणि काय ती शिक्षा मला द्या. पण खरा निघाला तर भिंत सगळ्यांसमोर परत मोजायची.”

मोठ्या साहेबांना तेवढ्यात दुसरे काम आठवले नाही, म्हणून ते “बरं” म्हणाले.

मित्रांनो, त्यानंतरचे पाच दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट दिवस होते. मला एका पिशवीत घालून वर लाखेची मोहोर लावली आणि वजनमापे तपासणाऱ्या निरीक्षकांच्या कचेरीत पाठवले. पिशवीत मी एकच विचार करत होतो. मी खरा आहे का? कारखान्यातून निघालो तेव्हा होतो. पण घड्याळजीच्या हातून निघालो तेव्हा? आपल्या पाठीवरचा जोड आपल्याला कसा दिसणार? टेपबाईंनी माझ्या भरवशावर आपली नोकरी पणाला लावली होती, आणि माझा मलाच भरवसा नव्हता. मला माझ्या त्या भावाची आठवण झाली, ज्याचे कात्रीने चार तुकडे झाले होते.

निरीक्षक म्हणजे गालात खोकल्याची गोळी धरून बोलणारे एक शांत गृहस्थ होते. त्यांच्याकडेही तसेच लांब टेबल होते, तशाच दोन रेघा. त्यांनी मला निजवले, ठरावीक जोराने ताणले आणि वाकून बघितले. एकदा. दोनदा. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

“चार मिलिमीटर लांब आहे गडी,” ते आपल्या मदतनीस बाईंना म्हणाले. “सतरावर सांधताना तेवढी फट राहिलीय. नियमात बसतं. लिहा, वापरायला योग्य.”

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण आधी थोडी मान खाली गेली. मी चुकत होतो! फार नाही, तांदळाच्या एका दाण्याएवढा. पण चुकत होतो. मामांची भिंत मोजताना चार वेळा चार, म्हणजे सोळा मिलिमीटर मी खाल्ले होते. टेपबाईंनी हे प्रमाणपत्रात वाचले तेव्हा त्या खळखळून हसल्या. “मामांच्या बिलात हे सोळा मिलिमीटर वाढवून देऊ या,” त्या म्हणाल्या. तेव्हा माझे मन हलके झाले. आपण किती चुकतो हे कळले की माणूस, किंवा टेप, निर्धास्तपणे काम करू शकतो. चुकतच नाही असे समजून चालणे फार जड असते.

फेरमोजणीच्या दिवशी सकाळी दहा वाजता सगळी खालची गल्ली भिंतीपाशी जमली. धोबी इस्त्री गार करून आले होते, सुतार कानावर पेन्सिल तशीच ठेवून आले होते. मोठे साहेब, बसल्याजागी साहेब, शिपाईकाका, सगळे होते. मामा आले ते एक कोरी करकरीत पेटी घेऊन. त्यातून त्यांनी एक पिवळाधमक नवा टेप काढला. चकचकीत, मऊ, प्लॅस्टिकचा. त्याच्यासमोर मी म्हणजे लग्नघरात शिरलेला भंगारवाला दिसत होतो.

“साहेब, वाद नको,” मामा म्हणाले. “जुन्याला जोड आहे, नव्याला डाग नाही. आधी यानं मोजा.”

मोठे साहेब “बरं” म्हणाले. पिवळा टेप उलगडला. तीस. तीस. तीस. आणि चौथ्यांदाही बरोबर तीस. भिंत जिथे संपत होती तिथेच टेप संपला.

“एकशे वीस!” मामांनी टाळी वाजवली.

सुतारांनी कानावरची पेन्सिल काढून खिशात टाकली. टेपबाईंचा चेहरा उतरला, पण त्या म्हणाल्या, “आता जुन्यानं.” निरीक्षकांनी परत लावलेली माझी मोहोर त्यांनी सगळ्यांसमोर फोडली. मी माझे सगळे बळ एकवटून ताठ झालो. तीस, तीस, तीस आणि अठरा.

“एकशे आठ.”

मोठ्या साहेबांनी कपाळ पुसले. “आता खरा कोणता धरायचा?”

“हे काय विचारणं झालं?” मामा म्हणाले. “ठिगळवाला खरा आणि नवा खोटा, असं कुठं असतं का?”

शिंपीणकाकू आतापर्यंत पिवळ्या टेपची कडी बोटात धरून उभ्या होत्या. त्यांनी टेप हळूहळू स्वतःकडे ओढायला सुरुवात केली. शिंपी जसा कापडी टेप बोटांतून सरकवतो, तसा. ओठ पुटपुटत होते. नऊ, दहा, अकरा, बारा. मग त्या थांबल्या. मागे गेल्या. पुन्हा पुढे आल्या.

“अहो साहेब,” त्या म्हणाल्या, “मी फार शिकलेली नाही. पण बारानंतर तेरा येतात ना?”

“येतात की.”

“याच्यात सोळा येतात.”

टेपबाई धावल्या. मोठे साहेब वाकले. बारा मीटरच्या रेघेवर पिवळी पट्टी सफाईने कापून, मधले तीन मीटर काढून, पुन्हा चिकटवलेली होती. वरून पिवळाच रंग लावला होता. पूर्ण तीस म्हणून ज्याला सगळे धरत होते, तो जेमतेम सत्तावीस मीटर होता. आम्हा दोघांना जमिनीवर शेजारी शेजारी निजवले. बारापर्यंत आम्ही जोडीने चाललो आणि पुढे तो माझ्यापेक्षा तीन मीटर आधीच संपला. खरे सांगतो, मला त्याचा राग आला नाही. बिचारा दुकानातून खराच निघाला असणार. कापणारा हात त्याचा नव्हता.

मामांनी पिवळा टेप उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, “दुकानदारानं फसवलं मला.”

मागून शिपाईकाकांचा आवाज आला. या वेळी त्यांनी आसपास कोण आहे हे पाहिले नव्हते. “म्हणजे मामालाच कुणीतरी मामा बनवलं म्हणायचं!”

सगळी गल्ली हसली. मोठे साहेब हसू दाबायचा खूप प्रयत्न करत होते, पण त्यांचे पोट हलत होते. हसू ओसरल्यावर त्यांनी पुस्तक मागवले आणि टेपबाईंच्या सहीखाली स्वतःची सही केली. “काकू, तुम्हीही करा,” ते म्हणाले. काकूंनी बोटे पुसून, एकेक अक्षर कोरत, सही केली. त्या पुस्तकात गल्लीतल्या माणसाची ती पहिलीच सही होती.

पुढे काय झाले ते जसेच्या तसे सांगतो. मामांना तुरुंग वगैरे काही झाला नाही. पुढारी पुढारीच राहिले. पण मामांना दोन वर्षे पालिकेचे काम मिळाले नाही, आणि उरलेले बारा मीटर त्यांना बांधून द्यावे लागले. ते बांधताना काकू आणि सुतार रोज सकाळी मला मागून घ्यायचे आणि पायाची खोली मोजायचे. गवंडी आधी वैतागला, मग तोच म्हणू लागला, “काकू, आधी मोजून घ्या, मग मी विटा लावतो.” बसल्याजागी साहेबांची बदली झाली आणि त्यांना अखेर खुर्चीतून उठावे लागले.

बदली टेपबाईंचीही झाली. वर्ष पुरे व्हायच्या आतच. याचे मला फार वाईट वाटले. पण जाण्याआधी त्यांनी मोठ्या साहेबांकडून एक साधा नियम मंजूर करून घेतला होता. कुठलेही सरकारी काम सुरू होताना मंजूर लांबी, रुंदी, उंची तिथेच पाटीवर रंगवायची, आणि काम संपल्यावर मोजताना टेपचे दुसरे टोक तिथल्या रहिवाशाने धरायचे. त्या वर्षी ओढ्याला पुन्हा मोठे पाणी आले. ते भिंतीला घासत घासत पुढे निघून गेले. आतल्या घरात काकूंचे यंत्र दिवसभर खडखड चालू होते. त्या आवाजाइतके गोड मी दुसरे काही ऐकलेले नाही.

त्यानंतर मी आणखी पुष्कळ वर्षे काम केले. शेवटी कचेरीत लाल ठिपक्याने मोजणारी चिमुकली यंत्रे आली. मला भंगारात काढायची यादी झाली, तेव्हा खालच्या गल्लीने अर्ज करून मला मागून घेतले. आता मी गल्लीतल्या वाचनालयात पुस्तकांशेजारी राहतो. ज्याला हवे त्याने वहीत सही करून मला न्यायचे आणि पुसून परत आणायचे. माझी प्रकृती बरी आहे, चालणे कमी झाले आहे, पण महिन्यातून दोन-चारदा तरी बोलावणे येते. एवढे सुख म्हाताऱ्याला पुष्कळ झाले.

गेल्याच महिन्यातली गोष्ट. दवाखान्याच्या दारात चाकाच्या खुर्चीसाठी नवा उतार बांधला गेला. उद्घाटनाला राजधानीतून बांधकाम खात्याच्या वरिष्ठ अधिकारी यायच्या होत्या. त्यांच्याच खात्याने, त्यांच्याच देखरेखीखाली ते काम केले होते. शिंपीणकाकू आता काठी टेकत चालतात. त्या सकाळीच मला घेऊन तिथे गेल्या आणि सुतारांच्या सुनेच्या मदतीने उतार मोजला. पाटीवर नऊ मीटर लिहिले होते. मी आठ मीटर चाळीस सेंटिमीटर दाखवले.

गाडी आली आणि बाई उतरल्या. केस पांढरे झाले होते, चाल तीच वाऱ्यासारखी. त्या आमच्या टेपबाई होत्या. काकूंना पाहून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांसमोर त्यांचे दोन्ही हात धरले. काकूंचेही डोळे भरून आले. आता यांना कसे सांगायचे, असा प्रश्न मला पडला. काकूंना तो पडला नाही.

“बाई, तुम्ही आलात, फार बरं वाटलं. पण तुमचा उतार साठ सेंटिमीटर कमी आहे.”

सोबतचे साहेब पुढे झाले. “आजी, तुमचा टेप जुना आहे, आणि बाईसाहेबांना वेळ...”

“थांबा,” बाई म्हणाल्या. त्यांनी माझी कडी काकूंच्या हातात दिली, माझे घर स्वतःच्या हातात घेतले आणि उद्घाटनाच्या फितीखालून वाकून पलीकडे गेल्या. त्या मला उलगडत गेल्या आणि उतार जिथे संपला तिथे गुडघ्यांवर बसून आकडा वाचला. बराच वेळ वाचला. आठ चाळीस.

“लांबी कमी म्हणजे चढ उभा. खुर्ची मागं घसरेल,” त्या उठत म्हणाल्या. “माझी सही आहे या कामावर, आणि मी मोजायला आले नव्हते. चूक माझी. फीत काढून ठेवा. हे तोडून परत बांधू, मग येईन मी. काकू, तेव्हा टोक धराल ना?”

“न धरून सांगते कुणाला?” काकू म्हणाल्या.

बाईंनी खिशातून रुमाल काढला आणि मला आत घेता घेता, मीटर मीटर करत, पुसून घेतले. सिमेंटची धूळ निघत होती. मी माझ्या आयुष्यात बऱ्याच चांगल्या हातांत राहिलो, पण त्या सकाळी मला जितके समाधान झाले तितके आधी कधी झाले नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत माझ्यासारखे कुणी पडलेले असेल, तर त्याला गंजू देऊ नका. ओले ठेवू नका, चिखलासकट गुंडाळू नका, अधूनमधून तेलाचे बोट लावा आणि वर्षातून एकदा खऱ्या मापाशी ताडून बघा. आणि एक विनंती आहे. एकट्या माणसाला लांब भिंत मोजता येत नाही, दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतेच. उद्या तुमच्या गल्लीत कुणी हातात टेप घेऊन उभे राहिले आणि त्याने हाक मारली, तर हातातले काम क्षणभर बाजूला ठेवा आणि बाहेर या.